चार पितळी स्क्रू

कॅनडातल्या आमच्या यॉर्कटन गावात, बर्फावरच्या हॉकीच्या रिंकसमोर, ओरेस्ट पाव्ल्युकचं हॉकीपटूंच्या चित्रांच्या कार्डांचं दुकान आहे. आहे म्हणायचं एवढंच. पाटी आहे, दाराला घंटी आहे, आणि काउंटरमागे जाड स्वेटर घालून ओरेस्ट आहे, येणाऱ्या गिऱ्हाइकावर आधीच वैतागलेला. पूर्वी शनिवारी सकाळी पोरांचा सराव सुटला की इथे पाय ठेवायला जागा नसायची. ओले बूट, घामट पिशव्या, हातात रबर लावलेले कार्डांचे गठ्ठे. "माझे दोन गोलकीपर घे, तो मॉन्ट्रियलवाला दे!" "हट्, त्याचा कोपरा मुडपलाय!" भांडणं, शपथा, रडारड. ओरेस्ट मधे पडून निवाडा करायचा आणि त्याचा निवाडा सगळे मानायचे. एका पोराने झिजलेली कड ब्लेडने तासून नवी करून आणली होती, त्याला ओरेस्टने भर दुकानात कान धरून बाहेर काढला. पुढे तो पोरगा बँकेत मॅनेजर झाला, तरी दुकानावरून जाताना मान खाली घालायचा.

आता पोरं येत नाहीत. येतील कशी? कार्डांच्या एका पाकिटाच्या किमतीत अख्ख्या घराचं जेवण होतं. आणि पाकीट घेतलं तरी ते स्वतः फोडायचं नाही! कुठल्यातरी शहरात कुणी दाढीवाला फोनसमोर बसून खोकी फोडणार, आरडाओरडा करणार, आणि इकडे लोक पैसे भरून ते बघणार. म्हणजे मिठाई त्याने खायची आणि आपण त्याच्या तोंडाकडे बघत बसायचं. चांगलं कार्ड निघालंच तर ते सरळ नंबर देणाऱ्या कंपनीकडे जातं. तिथे भिंगाखाली तपासतात, एक ते दहामधला नंबर देतात आणि प्लॅस्टिकच्या सीलबंद डबीत कायमचं कोंडून पाठवतात. कित्येकदा कार्डापेक्षा त्या डबीचाच खर्च जास्त. नाकापेक्षा मोती जड.

"कार्ड बघतंय कोण?" ओरेस्ट म्हणायचा. "नंबर बघतात मेले. उद्या डबीत बिस्किट घालून वर दहा लिहा, तेही घेतील."

हे रडगाणं ऐकून घ्यायला गावात एकच माणूस उरला होता, नेस्टर ड्रोबोट. दोघं एका शाळेतले, एका रिंकवर पडून दात पाडून घेतलेले. नेस्टरने जन्मभर धान्याच्या कोठारावर काम केलं आणि तिथली धूळ छातीत भरून घेतली. बायको लवकर गेली, मुलगी अल्बर्टात गेली ती गेलीच. नात लारिसा मात्र त्याने वाढवली. बाकी नशिबाने त्याला काही दिलं नाही, एक कार्ड सोडून.

ते कार्ड म्हणजे रे डुशेनचं पहिल्या मोसमाचं कार्ड. डुशेन कोण हे आमच्याकडे सांगावं लागत नाही. तो आपला पहिला मोसम खेळत होता, त्या हिवाळ्यात नेस्टरने औषधाच्या दुकानातून च्युइंगमवालं एक पाकीट घेतलं, दारातच फोडलं, आणि त्यात हे निघालं. चारही कोपरे टोकदार, चित्र बरोब्बर मधोमध. डाव्या स्केटखाली छपाईचा एक पिवळा ठिपका होता, नेस्टर त्याला मोहरी म्हणायचा. पुढे डुशेनने विक्रमांवर विक्रम केले आणि त्या कागदाच्या तुकड्याला सोन्याची झळाळी आली. नेस्टरने ते ओरेस्टच्या हवाली केलं. "माझ्या घरात शेगडी, धूळ, मांजर. तुझ्याकडे राहू दे. तुला त्यातलं कळतं."

ओरेस्ट तेव्हा वेल्डिंगच्या कारखान्यात होता. त्याने त्या काळातली सगळ्यात भारी चौकट आणली. ॲक्रिलिकच्या दोन जाड तक्त्या, मधे कार्ड, आणि चार कोपऱ्यांत चार पितळी स्क्रू. तेव्हा सगळे शहाणे लोक हेच वापरायचे. जेवढी घट्ट तेवढी सुरक्षित. हवा नको, दमटपणा नको, धक्का नको. पुढे त्याने हे दुकान काढलं आणि दोघांचा एक रिवाजच पडला. दरवर्षी मोसमाची पहिली मॅच असली की दुकान बंद करून बिअर उघडायची, कुबासा, म्हणजे लसूण घातलेलं सॉसेज, कापायचं, आणि तिजोरीतून डुशेन काढायचा. दोघं बघत बसायचे. ठेवण्याआधी ओरेस्ट स्क्रूड्रायव्हर घेऊन चारही स्क्रू थोडे थोडे आवळायचा.

"आणखी जरा," नेस्टर म्हणायचा.

"तुझ्या डोक्याचे आवळू का? तिथे जास्त गरज आहे."

"माझ्या डोक्याचं राहू दे. माझी शवपेटी उचलशील तेव्हा पुढे डावीकडे उभा राहा. तुझा उजवा गुडघा कामातून गेलाय, मला पायऱ्यांवर पाडशील."

"आधी मीच जाणार. तू लेका सगळ्यांना पोचवूनच जाशील."

असं कित्येक वर्षं चाललं.

मागच्या हिवाळ्यात नेस्टरच्या छातीने हात टेकले. इस्पितळात नाकाला नळी लावून पडला. करमत नाही म्हणून लारिसाने त्याला फोन दिला, आणि झालं! जन्मभर ज्याने टीव्हीचा रिमोट धड दाबला नाही, तो माणूस दिवसभर त्या दाढीवाल्यांची पाकीटफोड बघायला लागला. नऊ म्हणजे काय, दहा म्हणजे काय, कड कशी बघतात, सगळं पाठ. एके दिवशी ओरेस्ट सफरचंदं घेऊन गेला तर म्हणतो, "आपल्या डुशेनला नंबर आणू या."

"खुळा झालास? ज्याला डोळे आहेत त्याला नंबर कशाला?"

"मला हवाय." नेस्टरला बोलताना धाप लागत होती. "नऊ येणार बघ. लारिसाला द्यायचंय मला ते. नुसतं कार्ड दिलं तर तिचा नवरा म्हणेल म्हाताऱ्याने चित्र दिलं. नंबर असला की जग म्हणेल, नेस्टर ड्रोबोटकडे एक अव्वल वस्तू होती. जन्मात एक तरी गोष्ट माझ्या हातून न बिघडता राहिली, एवढं मला बघून जायचंय, ओरेस्ट. मग जातो."

आता याला नाही कसं म्हणणार? ओरेस्टने दुकानात येऊन चौकटीचे स्क्रू काढले. इतक्या वर्षांनी पहिल्यांदाच. कार्ड तक्तीला जरा चिकटलं होतं, ते त्याने श्वास रोखून सोडवलं, मऊ पाकिटात घातलं आणि कंपनीकडे पाठवून दिलं.

ते परत आलं तेव्हा डबीवर नंबराच्या जागी शब्द होते: अस्सल, पण बदल केलेलं.

ओरेस्टने ते तीनदा वाचलं. मग कंपनीला फोन लावला. पलीकडे एक गोड आवाजाची मुलगी होती. "सर, हे कार्ड दाबलं गेलंय. त्याची जाडी कमी झालीय आणि त्यामुळे कडा बाहेर पसरल्यात. त्या जुन्या स्क्रूच्या चौकटींमुळे होतं असं. आम्ही त्याला नंबर देत नाही."

"अहो, ते जपण्यासाठीच ठेवलं होतं हो!"

"हो सर. बरेच जण तसंच सांगतात."

हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हे. ओरेस्ट काउंटरला धरून उभा राहिला. त्या चार स्क्रूंवर दरवर्षी पडलेला प्रत्येक पीळ त्याच्या मनगटाला आठवत होता. ज्याने पोरांना शिकवलं की कार्डाला हात लावताना हात धुवा, त्याने मित्राचं कार्ड स्वतःच्या हाताने चिरडलं होतं. आणि 'बदल केलेलं' हा शब्द तर या धंद्यात शिवी आहे. कान धरून बाहेर काढलेल्या त्या पोराच्या कार्डाला लागणारा शब्द होता तो. 

खरं सांगून टाकायला हवं होतं. तुम्ही म्हणाल, मीही म्हणतो. पण संध्याकाळी इस्पितळात गेला तर नेस्टर उशीवरून मान उचलून विचारतो, "आलं का रे?" त्याचा चेहरा बघून ओरेस्टचं धाडसच झालं नाही.

"पुढच्या आठवड्यात," तो म्हणाला.

आणि मग त्याने ते केलं. रिजायना शहरात कोल्टन नावाचा एक पोरगा आहे, फोनवर खोकी फोडणाऱ्यांतला. त्याच्याकडे डुशेनचं नऊ नंबरवालं कार्ड होतं. ओरेस्ट बर्फातून गाडी हाकत गेला. बरोबर त्याने स्वतःच्या लहानपणचा संच नेला होता. लीगमध्ये फक्त सहाच संघ होते तेव्हाचा, वडिलांनी सिगारेट सोडून त्या पैशात त्याला एकेक पाकीट आणून दिलं होतं तो. पूर्ण. त्यातलं एकही कार्ड त्याने आजवर विकलं नव्हतं.

कोल्टनने संच भराभर चाळला. "अंकल, कोपरे गोल आहेत. आजकाल असल्या मालाला कोण विचारतंय? पण ठीक आहे, जुनं काहीतरी म्हणून दाखवता येईल."

"हळू चाळ. ती पत्त्याची पानं नव्हेत."

"राग नका मानू." त्याने दोन डब्या काउंटरवर ठेवल्या. "नऊवाली दोन आहेत माझ्याकडे. कुठलं देऊ?"

ओरेस्टने चष्मा चढवला आणि दोन्ही दिव्याखाली धरली. छपाईच्या एकाच प्लेटवरून निघालेल्या कार्डांत तोच दोष पुन्हा पुन्हा येतो, हे त्याला ठाऊक होतं. दुसऱ्या कार्डावर डाव्या स्केटखाली पिवळा ठिपका होता. मोहरी! त्याला वाटलं, देवानेच दिली. आयुष्यभर दुसऱ्यांची लबाडी पकडलेला माणूस, स्वतःची लबाडी किती चोख झाली यावर खूश होऊन घरी आला.

दुसऱ्या दिवशी तो इस्पितळात गेला. लारिसा दातांच्या दवाखान्यातलं काम आटोपून आजोबांपाशी बसली होती. आजोबाला ती गीदो म्हणते, आमच्या युक्रेनी घरांत तसंच म्हणतात. ओरेस्टने डबी काढून नेस्टरच्या हातात दिली.

नेस्टरने डबी डोळ्यांजवळ नेली.  मग त्याच्या सुरकुत्यांतून पाणी ओघळलं.

"नऊ," तो म्हणाला. "बघ गाढवा. म्हटलं नव्हतं?"

"म्हटलं होतंस."

"मोहरी बघ. मोहरी असून नऊ! लारिसा, बघ पोरी. तुझ्या गीदोचं आहे हे. आता तुझं."

लारिसाने त्याच्या कपाळावर ओठ टेकले. ओरेस्ट खिडकीकडे तोंड करून उभा राहिला. त्या घटकेला कुणी विचारलं असतं तर तो म्हणाला असता, माझा संच वसूल झाला.

"थांब, थांब," नेस्टर म्हणाला. "डबीवर खाली बारीक आकडे असतात. ते फोनवर घाल. कंपनीच्या यादीत आपलं कार्ड दिसतं, फोटोसकट. तो दाढीवाला नेहमी दाखवतो. माझं बघायचंय मला."

ओरेस्टला हे ठाऊकच नव्हतं. नंबरांच्या नावाने बोटं मोडणारा माणूस, त्या डबीवर काय काय लिहिलेलं असतं हे त्याने कधी वाचलंच नव्हतं. "राहू दे रे," तो म्हणाला, "दमशील उगाच."

पण लारिसाची बोटं चालू लागली होती. "आलं! हे बघा गीदो, फोटो. मोहरीसुद्धा दिसतेय." ती हसली, मग तिच्या कपाळावर आठी आली. "ओरेस्टकाका, यांनी काहीतरी घोळ घातलाय. इथे म्हणतात, याला नंबर देऊन सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी टोरोंटोत लिलावात विकलंय."

 नळीतून हवेचा सूं सूं आवाज येत होता.

"लारिसा," नेस्टर म्हणाला, "बाळा, खालून जरा कॉफी आण."

ती दोघांकडे बघत बाहेर गेली. दार लागलं.

"माझं कुठंय?"

"दुकानात आहे. नेस्टर, ऐक. त्यांनी नंबर दिला नाही. म्हणाले, दाबलं गेलंय. ते स्क्रू, आपण दरवर्षी आवळायचो ना, त्याने ते..."

"स्क्रूने?"

"हो रे. मलाही ठाऊक नव्हतं. आईशप्पथ. तुला वाईट वाटेल म्हणून मी हे दुसरं..."

"दुसरं आणलंस. म्हणजे हे डुशेनचं नऊ तू असंच कुठून तरी उचलून आणलंस. कशाच्या जिवावर? दुकानात कुत्रं फिरकत नाही तुझ्या." नेस्टरने दम घेतला. आवाज चढला नव्हता, तेच वाईट होतं. "माझं चांगलं होतं. दहा असेल. ते विकलंस आणि त्यातून हे स्वस्तातलं घेतलंस. हो ना?"

"नाही! देवाशपथ नाही. मी माझा संच दिला. बाबांनी दिलेला."

"तो संच तू जन्मात देणार नाहीस. मी ओळखतो तुला."

"तुझ्यासाठी दिला, गाढवा!"

"मोहरीसुद्धा शोधून आणलीस," नेस्टर म्हणाला. "मरणाऱ्या माणसाला फसवायला केवढी ही मेहनत."

 खरं तेच तो सांगत होता आणि ते थापेसारखं वाटत होतं, हे त्याचं त्यालाही ऐकू येत होतं. तो म्हणाला, "मी आत्ता जातो. तुझं कार्ड घेऊन येतो. डबीवर लिहिलंय, वाच तू."

"आण. कुठलं तरी तासलेलं कार्ड आणशील आणि म्हणशील हेच तुझं." नेस्टरने तोंड भिंतीकडे फिरवलं. "तुझ्याकडे दिलं होतं रे मी. दुसऱ्या कुणाकडे नाही."

ओरेस्ट धावतपळत दुकानात गेला. पण परत निघाला तेव्हा असं वादळ उठलं होतं की गाडीच्या नाकापुढचं दिसेना, पोलिसांनी रस्ताच बंद केला. सकाळी पोचला तर नर्सने दारातच अडवलं. फक्त घरची माणसं, म्हणाली. ओरेस्ट म्हणाला, मी घरचाच. तिने हातातल्या कागदावरची नावं बघितली आणि नकारार्थी मान हलवली. तो दिवसभर कोट घालून बाकावर बसून राहिला, खिशातली डबी मुठीत धरून. लारिसा दोनदा त्याच्या समोरून गेली, थांबली नाही. नेस्टर रात्र व्हायच्या आत गेला.

गावाला काय, चघळायला विषय. कॉफीच्या दुकानात मीही होतो, मीही ऐकलं आणि मीही मान डोलावली, खोटं कशाला बोलू? इतकी वर्षं सचोटीचा आव आणला आणि शेवटी मढ्याच्या टाळूवरचं लोणी खाल्लं, असं आम्ही म्हणालो. कोल्टनने त्या संचाचं फोनवर प्रदर्शन मांडलं, ते आम्ही फार नंतर बघितलं.

अंत्यविधीच्या दिवशी ओरेस्टने काळा सूट घातला, गुडघ्याला पट्टा बांधला आणि तासभर आधीच चर्चच्या पायऱ्यांवर येऊन उभा राहिला. पेटी उचलणाऱ्यांना कोटावर लावायला पांढरं फूल देतात. लारिसा फुलांची परडी घेऊन दारात उभी होती. पाच जणांना तिने फुलं लावली. ओरेस्ट पुढे झाला.

"काका," ती म्हणाली. डोळे सुजले होते तिचे. "तुम्ही आत बसा."

"मी उचलणार आहे, पोरी. पुढे डावीकडे. आमचं ठरलेलं आहे, किती वर्षांचं."

"गीदोंनी नको म्हटलंय."

ओरेस्टने खिशातून डबी काढली.  "हे बघ. हे त्याचं. खरं. वाच, काय लिहिलंय ते वाच."

तिने वाचलं. 'अस्सल, पण बदल केलेलं.' उलटसुलट करून बघितलं आणि परत त्याच्या हातात ठेवलं.

"ते म्हणाले होते, तुम्ही असंच काहीतरी दाखवाल," ती म्हणाली. "ते नऊ मी ठेवतेय. भरपाई म्हणून ठेव, म्हणाले."

"ठेव," ओरेस्ट म्हणाला. "तुझंच आहे ते."

मग तिने सहावं फूल तिच्या नवऱ्याच्या मावसभावाला लावलं. तो सास्काटूनहून सकाळीच आला होता, त्याने नेस्टरला उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं. प्रार्थना झाली, बायकांनी 'विच्नाया पाम्यात', म्हणजे चिरंतन स्मृतीचं निरोपाचं गाणं, म्हटलं, आणि सहा जण पेटी घेऊन बाहेर आले. पायऱ्यांवर बर्फ होता. तो मावसभाऊ पुढे डावीकडे होता आणि त्याने पकड चुकीची धरली होती, पेटी त्याच्या बाजूला कलत होती. ओरेस्टचा हात आपसूक पुढे गेला.

"बाजूला व्हा, काका," तो पोरगा म्हणाला. "वाट द्या."

ओरेस्ट बाजूला झाला.